काढलेलं कार्ड

१

जुनं ग्राफिक्स कार्ड मी स्वतःच्या हातानं काढून जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर ठेवलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटर सुरू केल्यावर यादीत त्याचंच नाव दिसलं, तेव्हा मी आधी चष्मा पुसला.

नाव तेच. मॉडेलचा आकडा तोच. खाली बारीक अक्षरांत ओळ: 'हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे.'

आणि सकाळी बसवलेलं नवीन कार्ड? त्याचा यादीत पत्ताच नाही. डब्याचं झाकण काढलेलं होतं, आत त्याचे दोन पंखे मला दिसत होते, कडेचा दिवाही लागला होता. म्हणजे वीज पोचत होती. पण मशीनच्या लेखी ते नव्हतंच.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः लावलेला गजर वाजला तरी मी दचकते. म्हणून घाबरायच्या आधी कारण शोधायचं, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे. कारण सापडलंही. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, काढायचा राहिला होता. माणूस घर सोडून गेला तरी दारावरची पाटी काही दिवस राहतेच की. मी ड्रायव्हर काढला, नोंद पुसली, मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं.

नोंद परत आली. 'व्यवस्थित काम करत आहे.'

साडेदहा वाजले होते. पाच वाजेपर्यंत मला चार मिनिटांची फिल्म द्यायची होती. आमचा स्टुडिओ न बांधलेल्या घरांची चित्रं करतो. भिंती, पडदे, अर्धवट प्यायलेला चहा, खिडकीतून येऊन जमिनीवर पसरलेलं ऊन, सगळं कॉम्प्युटरमध्ये. इतकं खरं, की नसलेल्या घराकडे बघून माणसं डोळे पुसतात. ही फिल्म वेळेत गेली की विभागप्रमुखाची जागा माझी. साहेबांनी पत्र टाइप करून ठेवलं होतं, सही तेवढी बाकी होती. ती जागा मिळाली की आईला माझ्याकडे आणायचं, हे मी तिला इतक्यांदा सांगितलं होतं की तिनं अर्धी भांडी वाटूनही टाकली होती.

ऑफिसात रंगकाम चालू होतं. रंगाच्या वासानं माझं डोकं उठतं, म्हणून आठवडाभर मी घरून काम करत होते. घरच्या जुन्या मशीनला ही फिल्म झेपली नसती. म्हणून काल नवीन कार्ड आणलं.

२

दुकानवाल्या काकांना फोन लावला.

"काका, कार्ड दिसत नाहीये."

"तुम्हाला की मशीनला?"

"मला दिसतंय हो. मशीनला नाही."

"मग निम्मं काम झालं म्हणायचं." ते हसले. तोंडात काहीतरी धरलेलं होतं, बहुतेक स्क्रू. "मशीन किती वर्षांचं?"

"नऊ-दहा."

"अहो ताई, एवढ्या जुन्या मदरबोर्डाला नवीन कार्ड म्हणजे सासूला नवी सून. नाक मुरडणारच. नीट दाबून बसवलंत? खट्ट झालं?"

"झालं."

"वीजपुरवठ्याची वेगळी वायर जोडलीत?"

"जोडली. दोनदा काढून दोनदा जोडली."

"मग बोर्डाला जुनं विसरायला लावायचं. त्यावर कोटाच्या बटणाएवढा चपटा सेल असतो बघा. भिंतीतून वायर काढा, सेल काढा, दहा मिनिटं गप्प बसा, परत लावा. तारीख, वेळ, सगळं विसरतं ते. कोरी पाटी. मग कार्ड बिनबोभाट घेतं."

विचारू की नको असं झालं, पण विचारलंच. "काका, काढून ठेवलेलं कार्ड यादीत दिसतं का हो?"

"नोंद राहते कधी कधी."

"पण काम करतंय म्हणतंय."

"मग काढलंच नसेल तुम्ही."

"माझ्यासमोर टेबलावर आहे."

पलीकडे स्क्रू बहुतेक वाटीत पडले. "बरं, हे नवीन घेतलंत कुठून?"

"तुमच्याकडूनच की! काल संध्याकाळी. पिशव्या संपल्या होत्या म्हणून खोक्याला सुतळी बांधून दिलीत."

"काल एकच कार्ड गेलं," काका म्हणाले. "सुतळी बांधली खरी. पण ती एका उंच मुलीला. डावखुरी होती. काउंटरवर वाकून वॉरंटीवर सही केली तिनं."

"ती मीच हो!"

"मग रात्रीत हात बदललात वाटतं," असं म्हणून ते पुन्हा हसले, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवून दिला.

मी उजव्या हातानं लिहिते. उंचीचं म्हणाल, तर वरच्या फळीवरचा डबा काढायला मला स्टूल लागतं. मी खोक्यातून वॉरंटीचा कागद काढला. सही माझ्याच नावाची होती. पण अक्षरं मागे रेललेली, आणि शाई शेवटपर्यंत पुसटलेली, लिहिता लिहिता हात तिच्यावरून घासत गेल्यासारखी.

काल घाई होती. कागद तिरका धरला असेल. असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं, आणि माझ्याच आवाजाला दचकले.

३

केसातल्या पिनेनं सेल उचकटला. टक् असा आवाज करून तो माझ्या तळव्यावर आला. आता दहा मिनिटं गप्प बसायचं होतं.

फ्रिजची घुमघुम थांबली. खालच्या रस्त्यावर कोणीतरी शटर ओढलं. त्यानंतर खोली इतकी शांत झाली, की मला माझ्या पापण्यांचा आवाज ऐकू येतोय असं वाटायला लागलं. रिकामं बसलं की माणसाला नको ते आठवतं. मला आठवलं, हे मशीन आधी कोणाचं होतं.

ऑफिसात सगळे तिला 'कोपरा' म्हणायचे. खोलीचं चित्र ती कायम कोपऱ्यापासून सुरू करायची. "भिंत काय, कोणीही खोटी काढेल. कोपरा काढून दाखवा," असं म्हणायची. उंच होती. डावखुरी होती. आमच्या सगळ्यांत हुशार होती, आणि दुसऱ्याची चूक सगळ्यांसमोर दाखवायची तिला खोड होती. "अगं, तुझा हा कप हवेत तरंगतोय. खाली सावलीच नाही. पिणारी माणसं काय उडत येणार आहेत?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. हे एकदा झालं असतं तर मी विसरलेही असते.

आमच्या धंद्यात ज्याचं त्याचं 'सामान' असतं. वर्षानुवर्षं स्वतः बनवलेल्या खुर्च्या, कप, पडदे, दाराच्या कड्या, सगळ्यांचा एक फोल्डर. प्रत्येक वस्तूच्या फाइलमध्ये ती बनवणाऱ्याचं नाव. न्हाव्याची पेटी असते, तसं आमचं हे. तिचं सामान नऊ वर्षांचं होतं.

ती आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस रजेवर गेली. दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला उठले, आणि मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले. पासवर्ड तिनंच कधीतरी दिला होता. चार हजार वस्तू मी माझ्याकडे घेतल्या. एक छोटासा प्रोग्राम लिहून प्रत्येक फाइलमधलं तिचं नाव पुसलं, तिथे माझं घातलं. मग तिच्याकडचं सगळं उडवलं. पंधरा मिनिटं लागली. कॉलेजात शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच कामाला आलं.

ती परत आली. साहेबांना म्हणाली, "हे माझं सामान आहे." साहेबांनी एक खुर्ची उघडून दाखवली. माझं नाव. एक दिवा उघडला. माझं नाव. मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग ना गं," एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, "काय सांगू?"

चोर म्हणून तिची नोकरी गेली. चार महिन्यांनी ती स्वतःच गेली. कशानं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं. पुढे साहेबांनी ऑफिसातली जुनी मशीनं वाटून टाकली, तेव्हा माझ्या वाट्याला नेमकं तिचं आलं. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दहा मिनिटं झाली. सेल परत बसवला, वायर जोडली, बटण दाबलं. काळा पडदा, वर तारीख आणि वेळ.

काकांच्या हिशेबानं ते सगळं विसरायला हवं होतं. सेल काढलेलं मशीन फार तर कारखान्यातून निघाल्याची तारीख दाखवतं. यानं दाखवली दोन वर्षांपूर्वीची. दुपारी एक वाजून सात मिनिटं. त्या दिवशी तिच्या खुर्चीत बसायच्या आधी मी ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं होतं. कोणी परत यायला किती वेळ आहे, ते मोजायला.

४

घरघर माझ्या मागून येत होती.

मशीन माझ्यासमोर होतं. मागे फक्त जेवणाचं टेबल. मी लगेच वळले नाही. आधी कारण शोधलं. वरच्या मजल्यावरचं वॉशिंग मशीन. बाहेर उभी असलेली गाडी. मग वळले.

वर्तमानपत्रावरच्या जुन्या कार्डाचा पंखा फिरत होता.

त्याला वायर नव्हती. कशालाही जोडलेलं नव्हतं. पंखा सावकाश फिरत होता, अगदी विचार करत असल्यासारखा. खिडकीतून वारा येत असेल म्हणून बघायला गेले, तर खिडकी बंद. जवळ येऊन बोट लावलं. पाती बोटाला टेकून थांबली. बोट काढलं, पाती फिरायला लागली. खालचा कागद पिवळा पडून कडांना वळला होता. कार्डाची पाठ इतकी तापलेली, की मी हात झटकन मागे घेतला आणि स्वतःवरच चिडले. वीस वेळा चिमटा काढला असता तरी ते गरमच लागलं असतं.

ऑफिसला फोन करायचं ठरवलं. फिल्म उद्यावर ढकला, म्हणून सांगू. सहीसुद्धा उद्यावर गेली तर गेली. फोन तोंडासमोर धरला. 'चेहरा जुळला नाही.' चष्मा काढून धरला. 'चेहरा जुळला नाही.' केस मागे घेतले, उजेडात गेले, उगाच हसूनही बघितलं. शेवटी आकडे दाबून उघडला.

रिसेप्शनवरच्या काकूंनी उचलला. चार वर्षं रोज सकाळी त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी जागेवर बसलेली नाही.

"काकू, मी बोलतेय. साहेबांना सांगा ना, फिल्मला उशीर होईल. घरचं मशीन रुसलंय."

"कोण बोलतंय?"

"अहो मी! खिडकीजवळची. रोज तुमचा पेपर पळवते ती."

"अय्या, पेपर पळवणारीला तर मी अंधारातसुद्धा ओळखेन." काकू खुदकन हसल्या. "ती ही काय, जागेवर बसलीये. फिल्म केव्हाच दिली तिनं. साहेबांनी पत्रावर सही केली, टाळ्या वाजल्या, सगळं झालं. आपण कुठून बोलताय?"

"काकू, चेष्टा नका ना करू."

"चेष्टा कशाला करू, बाई? तिच्याशीच बोलायचंय का? थांबा हं." मग तोंड फोनपासून लांब. "अगं ए, तुला फोन आहे."

पलीकडे चाकांची खुर्ची मागे सरकली. मग पावलं. घाई नसलेली, लांब टांगांची पावलं. ती फोनच्या अगदी जवळ आली.

मी फोन बंद केला. बंद केला कसला, हातातून टाकला.

५

उचलायला वाकले तेव्हा मॉनिटरवर काहीतरी हललं.

चित्र करायचा प्रोग्राम उघडा होता. मी उघडला नव्हता. चित्र तयार होत होतं, चौकोन चौकोन भरत जातात तसं. आमचं चित्र साधारण मधून सुरू होऊन बाहेर पसरतं, तसंच ठरवलेलं असतं. हे एका कोपऱ्यातून आत येत होतं.

जुन्या कार्डाला एवढं चित्र करायला तास-दीड तास लागला असता. इथे दोन श्वासांत एक चौकोन भरत होता.

आधी कोपरा आला. दोन भिंती आणि जमीन जिथे भेटतात ती जागा, तिथे साचलेली थोडी धूळ, ओल आल्यामुळे फुगलेला रंग. तो फुगवटा मी ओळखला. लहानपणी मी तो नखानं खरवडायची आणि आई पाठीत धपाटा घालायची.

आईचं स्वयंपाकघर. ते मी कधीच बनवलं नव्हतं. ते कोणी का बनवावं? विकायला नव्हतं ते.

चौकोन पुढे सरकले. सिंकखालची चिरलेली फरशी. दोरीनं बांधलेला नळ. टेबल. टेबलावर दोन कप, आणि दोन्ही कपांखाली अगदी बरोबर सावली. मी एका कपावर क्लिक केलं. बनवणाऱ्याचं नाव: तिचं. खुर्चीवर केलं. तिचं. घाईघाईनं माझं स्वतःचं सामान उघडलं. चार हजार वस्तू, वरपासून खालपर्यंत तिचं नाव. खाली माझ्या स्वतःच्या, खरोखर मी बनवलेल्या सत्तर-ऐंशी वस्तू होत्या. त्यांच्यावरही.

चित्रात आईचा खांदा आला. मी दिलेला राखाडी स्वेटर. मग आईचा चेहरा. ती समोरच्या खुर्चीतल्या कोणाकडे तरी बघून हसत होती, माझ्याकडे बघून हसते तसं, एक भुवई जरा वर. मग समोरचा कप, आणि कपाभोवती बोटं. डाव्या हाताची. तळव्याच्या कडेला शाई लागलेली.

कोपर. दंड. मानेजवळचे केस, माझे असतात तेवढेच लांब.

एकच चौकोन बाकी राहिला होता, चेहऱ्याचा. त्याच्या चारी कडा उजळल्या.

मी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. मशीनमधला आवाज खाली खाली जात थांबला. नवीन कार्डाचा दिवा विझला. आणि माझ्यामागे टेबलावर पंख्याचा वेग वाढला.

६

आई दुसऱ्या गावात एकटी राहते. बाबा गेल्यापासून रोज दुपारी, तिचं जेवण झालं की मी फोन करते. ती दुसऱ्या रिंगला उचलते. "मी काय फोनवरच बसलेली असते का?" असं म्हणते, आणि बसलेली असतेच.

दोन रिंगा झाल्या. दहा झाल्या. फोन आपोआप बंद पडला.

पुन्हा लावला. पुन्हा.

झोपली असेल. ती दुपारी झोपत नाही. शेजारी गेली असेल. शेजारणीशी तिचं महिनाभर वाकडं आहे. एकेक कारण मी पुढे करत होते, आणि एकेक माझ्याच हातात मोडत होतं.

चौथ्यांदा लावताना मी टेबलाकडे वळून बोलायला लागले. घरात कोणी नव्हतं, तरी लाज वाटली. मग लाजही वाटेनाशी झाली.

"घे," मी म्हटलं. "सामान घे तुझं. जागा घे. पत्र घे. मी साहेबांना लिहून देते सगळं, सहीनिशी देते. सगळ्या ऑफिससमोर सांगते. चोर मी होते. ऐकतेस ना? आईचा काय संबंध?"

पंखा ना वेगात आला, ना मंदावला. माझं ऐकून घेण्याची गरज उरलेली नसल्यासारखा फिरत राहिला.

तेव्हा मला कळलं, की तिनं माझं काहीही मोडलं नव्हतं. माझ्या अंगाला हात लावला नव्हता. मी जे केलं होतं तेच, तितक्याच नीटपणे, ती करत होती. तिला चार हजार वस्तूंवरची नावं परत घ्यायची होती, ती घेऊन झाली. मग मला ओळखणारी माणसं. दुकानवाले काका. रिसेप्शनवरच्या काकू. साहेब. माझी माणसं ती अशी कितीशी? दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतील. पंधरा मिनिटंसुद्धा लागायची नाहीत.

पाचव्यांदा. सहाव्यांदा. खिडकीतून ऊन आत आलं होतं. जमिनीवर टेबलाची सावली होती, खुर्चीची होती. माझी आहे का, ते मी बघितलं नाही. सातव्यांदा. रिंगा मी आता मोजत नव्हते, नुसती मनात म्हणत होते, उचल, उचल, उचल गं आई, शिव्या दे, पण उचल.

आठव्यांदा मधल्याच एका रिंगला फोन उचलला गेला.

आधी आईचं हसणं आलं, कशावर तरी अर्ध्यात थांबवलेलं. मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज. तिनं फोन अजून कानाला लावला नव्हता. ती खोलीतल्या कोणाशी तरी बोलत होती, माझ्याशी बोलते त्याच लाडाच्या, दमदाटीच्या आवाजात.

"तू उठू नको गं बाळा, गार होतोय तो. मी बघते कोण आहे. मघापासून कोणीतरी पिच्छाच पुरवलाय."

मग फोन कानाशी आला. आवाज बदलला. परक्या माणसाशी बोलताना काढते तो, जपून, अंतर राखून.

"हॅलो? कोण बोलताय आपण?"